चौथी रेघ

सकाळचं पहिलं काम जाळीचं असे.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या स्थानकात हरवलेली वस्तू शोधायला कोणी धावत नसे. तिथे काही खाली पडतच नाही. पेनाचं टोपण निसटलं, बटण तुटलं, की ते तरंगत राहतं, आणि पंख्यांनी ओढलेल्या हवेबरोबर रमतगमत मधल्या खोलीतल्या मोठ्या जाळीला येऊन चिकटतं. आज हरवलं तर उद्या-परवा जाळीवर. कधी कधी महिन्याने. पण येतं.

जाळी साफ करायचं काम मावशी दुसऱ्या कोणाला करू देत नसे. स्थानकाची हवा आणि पाणी तिच्याकडे होतं. जाळी म्हणजे स्थानकाचं नाक, आणि नाक काही शेजाऱ्याकडून शिंकरून घेत नाहीत, असं ती म्हणे. वय सत्तेचाळीस, अंगाने बारीक, आणि रोजचं रोज लिहून ठेवल्याशिवाय झोप न येणारी. खाली, घरी, तिचा नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी होती. वर सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून तीही स्वतःला मावशीच समजू लागली होती.

त्या सकाळी जाळीवर निघालं ते असं: कॅप्टनच्या तळपायाची सोललेली कातडी (तिथे पायांवर कोणी चालत नाही, त्यामुळे तळव्यांची जुनी राठ कातडी आपोआप सुटून येते), प्रयोगाच्या कुंड्यांतले मातीचे चार कण, एक छोटी चकती, आणि वीतभर निळा दोरा.

दोऱ्याच्या एका टोकाला गाठ होती. तीन वेढ्यांची, चपटी, नखाने दाबून बसवलेली.

मावशीने ती गाठ बराच वेळ पाहिली. मग दोरा खिशात घातला, आणि वहीत लिहिलं: ‘कातडी, माती, चकती.’

तशी गाठ स्थानकावर एकच माणूस मारत असे. त्याला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

*

त्याला सगळे शिंपी म्हणत. बाहेर पडताना घालायच्या जाडजूड पोशाखांची देखभाल त्याच्याकडे, पण तो काहीही शिवे. फाटलेल्या पिशव्या, पट्टे, रोपांचे प्रयोग करणाऱ्या माळ्याचा मोजा. मावशीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असूनही तो तिला मावशीच म्हणे, आणि वर अगंतुगं करी.

“अरे, मी तुझी मावशी कशी? तूच माझा काका शोभतोस.”

“मावशी वयाने होत नाही,” तो दोरा दाताने तोडत म्हणे, “ओरडण्यावरून ठरते.”

ओरडायला कारण एकच होतं. पंखा. झोपायच्या जागी प्रत्येकाच्या तोंडाजवळ एक छोटा पंखा असे, आणि तो चालू ठेवणं फार गरजेचं. खाली घरात आपण सोडलेला श्वास आपोआप वर निघून जातो. तिथे वर-खाली काही नाही. श्वास जिथे सोडला तिथेच, तोंडाभोवती गोळा होऊन राहतो. पंखा बंद करून झोपलेला माणूस स्वतःच्याच श्वासात बुडतो. डोकं ठणकत, घुसमटत जागा होतो. शिंप्याला मात्र पंख्याच्या घरघरीत झोप येत नसे. म्हणून तो सगळ्यात शांत जागी, कोठारात, आपली झोपायची पिशवी बांधून पडे, आणि गुपचूप पंखा बंद करी.

पण मावशीला ते कळायचंच. तिचा एक प्रयोगच त्यावर चालू होता. चौघांच्या उशाशी काडेपेटीएवढं एकेक यंत्र लावलेलं. तोंडाभोवती किती श्वास साचतो ते रात्रभर मोजून ते पडद्यावर रेघ काढी. कॅप्टनची पहिली, तिची दुसरी, माळ्याची तिसरी, शिंप्याची चौथी. तिघांच्या रेघा छोट्या लाटांसारख्या. चौथी डोंगरांची रांग.

“पुन्हा बंद केलास ना?”

“मी कुठे? त्याचा तो थांबला असेल.”

“मरशील एक दिवस.”

असं ती म्हणाली होती. पुष्कळदा म्हणाली होती.

*

कोठाराला भोक पडलं ते एका दुपारी. बाहेरून काहीतरी आलं, खड्याएवढं, आणि भिंतीतून आरपार गेलं. घंटा वाजली.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. सगळ्यांनी मधल्या खोलीत यायचं, आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा, सगळे मोजून झाले की गळणाऱ्या भागाचं दार लावायचं. कॅप्टन एक, मावशी दोन, माळी तीन, शिंपी चार. दर आठवड्याला ही कवायत होई. आणि दर आठवड्याला होई म्हणूनच तिच्यात ढिलाई शिरली होती. हातातलं काम टाकून मधल्या खोलीत यायचा सगळ्यांना कंटाळा. जो तो आपल्या जागेवरूनच भिंतीवरच्या माइकमध्ये आकडा ओरडे, आणि कवायत संपे.

त्या दिवशी दाराशी मावशी होती. कॅप्टन “एक” म्हणाला. ती “दोन” म्हणाली. माळी धापा टाकत “तीन” म्हणाला. आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून, नेहमीसारखं, आलं, “चार.”

मावशीने दार लावलं.

शिंपी आतच होता. भोक शोधत होता, सापडलं की बुजवून टाकू म्हणून. भोक कपाटांच्या मागे निघालं, हात पोचणार नाही अशा जागी. तो दाराशी आला तेव्हा अलीकडच्या हवेने ते दार असं दाबून धरलं होतं की चौघांनी ओढून उघडलं नसतं.

दारात एक झडप होती. तिची मूठ दोन्ही बाजूंनी फिरवता येई. ती फिरवली असती तर इकडची हवा तिकडे गेली असती. कदाचित दार उघडलं असतं. कदाचित चौघंही गेले असते. मावशीने मूठ धरली.

“मावशी, नको,” कॅप्टन म्हणाला. तो रडत होता. “नको… तिघं आहोत.”

आतून ठोकण्याचा आवाज येत होता. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. नऊ मिनिटं. नऊ मिनिटं मावशीने त्या मुठीवरचा हात काढला नाही, आणि मूठ फिरवलीही नाही.

मग आवाज थांबला.

*

घरी परतायचं यान कोठाराच्या पलीकडच्या टोकाला जोडलेलं होतं, म्हणजे तेही गेलं. खालच्या केंद्राने सांगितलं की दुसरं यान पाठवतो, महिनाभर लागेल, तोवर ते दार उघडू नका. तिघांनी मान डोलावली. कामं चालू ठेवा, असंही सांगितलं. म्हणून कॅप्टन रोज दोन तास फिरत्या पट्ट्यावर स्वतःला बांधून धावे, हाडं झिजू नयेत म्हणून. माळी बिनवजनी जगात मुळं कुठल्या दिशेने वाढतात ते पाहत बसे. मावशी तिघांचं रक्त काढे, थंड पेटीत ठेवी, रात्रीच्या रेघा पाही. तीनच. चौथी रेघ पडद्यावरून तिने झाकून टाकली होती. तिच्यात काय असणार? सरळ ओळ. ती पाहायची तिला हिंमत नव्हती.

आणि आता हा दोरा.

मावशीने मनाची समजूत घातली. दोरा काय, महिनाभर कुठेतरी कोपऱ्यात तरंगत असेल, आज आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. तिसऱ्या दिवशी दोन. प्रत्येकाला गाठ.

चौथ्या दिवशी तिने हवेचे आकडे मांडले.

हे गणित सोपं आहे. माणूस श्वासावाटे दिवसाकाठी साधारण एक किलो खराब हवा बाहेर टाकतो. स्थानकावर ती गोळा करून बाहेर फेकणारी दोन यंत्रं होती. एक कोठारात होतं, ते गेलं. उरलेलं तिघांपुरतं जेमतेम पुरायचं. तिघं म्हणजे तीन किलो. यंत्राने काढलेली किती आणि हवेत उरलेली किती, याची मावशीने बेरीज केली.

चार किलो भरले.

तिने मोजणारं यंत्र उघडलं, पुसलं, नव्याने जुळवलं. चार. आदल्या दिवसाचे आकडे काढले. चार. मग पाणी पाहिलं. श्वासाची आणि घामाची वाफ हवेतून काढून पुन्हा पाणी करायचं, हाही तिथला रोजचा रिवाज. माणशी दीड लिटर. तिघांचे साडेचार यायला हवे होते.

सहा आले होते.

“जास्त धावताय का तुम्ही?” तिने कॅप्टनला विचारलं.

“डोकं इतकं ठणकतंय की पट्ट्यावर उभं राहवत नाही. धावतोय कसला.” त्याचे डोळे लाल होते. “का?”

“काही नाही. सहज.”

माळी प्रयोगशाळेतून हसत आला. पस्तिशीचा, गोलमटोल, झाडांशी बोलणारा माणूस. “मावशी, चला, गंमत दाखवतो. एकाच बियांची रोपं, एकच दिवा, तेवढंच पाणी. या चार तबकांतली बोटभर उंच, आणि ही पाचव्यातली बघा. वीतभर! मला वाटलं, माझं काही चुकलं. पण तबक नुसतं जागेवरून हलवलंय. आता तिथे ठेवलेलं दुसरं वाढायला लागलंय.”

“कुठे ठेवलंस?”

“ते काय, कोठाराच्या दाराला चिकटून. जागा रिकामी होती म्हणून…”

तो बोलता बोलता थांबला. झाडं कशावर वाढतात, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. माणूस जे सोडतो, तेच झाड घेतं. म्हणून तर घरात माणसाच्या उशाशी ठेवलेलं झाड जोमाने वाढतं म्हणतात.

“कोणाला सांगू नकोस,” मावशी म्हणाली.

“कोणाला सांगणार?” माळी हळूच म्हणाला. “इथे आहे कोण?”

*

आठवड्याची कवायत चुकवता येत नव्हती. आता मात्र तिघंही मधल्या खोलीत येऊन, एकमेकांना दिसतील असे उभे राहत.

“एक.”

“दोन.”

“तीन.”

वाट पाहायचं काही कारण नव्हतं, पण कोणी हललं नाही. पंख्यांची घरघर तेवढी. खिडकीत पृथ्वीच्या कडेवर सूर्य उगवला. तिथे तो दर दीड तासाला उगवतो, त्याचं कोणाला कौतुक नसतं.

“ठीक आहे,” खालच्या केंद्रातली बाई म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत. आवाज नेहमीसारखा, शांत, सकाळी चहा पिऊन बसलेल्या माणसाचा. “सगळे आले. कवायत संपली.”

कॅप्टनने माइक हातात घेतला. “ताई, सगळे म्हणजे किती?”

“चार,” ताई म्हणाली. “मी… थांबा हं. माफ करा. जुन्या सवयीने बोलले असेन.”

“तुम्हाला चार ऐकू आलं का?”

“तुम्ही विश्रांती घ्या, कॅप्टन,” ताई म्हणाली, आणि आवाज बंद झाला.

त्या दिवशी मावशीने कॅप्टनला सगळं सांगितलं. दोरे समोर ठेवले, आकडे दाखवले. तो भूतबित मानणारा नव्हता. पण आकडे मानणारा होता.

“कारण काहीही असो,” तो कपाळ दाबत म्हणाला. “हवा खराब होतेय हे खरं ना? यान यायला किती दिवस?”

“पाच.”

“आणि आपण किती दिवस शुद्धीवर?”

“चौघांच्या हवेने… चार. पाचव्या दिवशी हात थरथरायला लागतील. यान जोडताना तुमचे हात स्थिर लागतील.”

उपाय तिघांना माहीत होता. खराब हवा शोषून घेणारे डबे होते, चांगले बारा. घरात घासलेटचे असतात तेवढे. ते कोठारात होते.

“मी जातो,” माळी म्हणाला.

“काय घालून? पोशाख दोनच,” मावशी म्हणाली. “एकाची बाही उसवून शिंप्याने शिवायला घेतली होती, ती आतच राहिली. दुसरा पुरा आहे. पण तो माझ्या मापाचा करून ठेवलाय त्याने.” तिने कोठाराच्या दाराकडे पाहिलं. “दार मी लावलं होतं. उघडायचंही मीच.”

निघण्याआधी घरचा फोन झाला. आठवड्यातून दहा मिनिटं मिळत.

“तुझी लेक पंखा लावू देत नाही गं,” नवरा तक्रार करत होता. “गारठते म्हणे. आणि मी उकडून मरतो.”

“बाबांचं ऐकू नको, आई,” मागून मुलगी ओरडली. “ते घोरतात, तो आवाज दाबायला पंखा लावतात! आई, तू आठवड्याने नक्की येतेयस ना?”

“येते की.”

“नक्की?”

“अगं, येते म्हटलं ना,” मावशी म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांनी तिला कशाची तरी इतकी आस लागली होती.

*

कॅप्टन आणि माळी दाराजवळची तबकं घेऊन प्रयोगशाळेत गेले, मधलं दार लावून घेतलं. मधल्या खोलीतली हवा काढून घेतली गेली. हवा जाऊ लागली तशी पंख्यांची घरघर बारीक होत गेली, मग पुसली गेली. पोशाखाच्या आत मावशीला आता एकच आवाज येत होता, स्वतःच्या श्वासाचा. आत… बाहेर.

तिने कोठाराचं दार उघडलं.

आत काळोख होता. काळोखात दिव्याचा झोत हवेशिवाय विचित्र दिसतो. मधे काहीच उजळत नाही, समोरची वस्तू एकदम अंगावर येते. आधी कपाटं आली. मग पिशव्या. मग तिने झोत वळवून दाराची आतली बाजू पाहिली, कारण झडपेची दुसरी मूठ तिथे होती.

मुठीला निळा दोरा गुंडाळलेला होता. एक नाही, पन्नास वेढे. मूठ आणि शेजारची कडी एकमेकांना शिवून टाकावीत असे घट्ट. शेवटी तीन वेढ्यांची चपटी गाठ.

मावशी तिथेच थांबली. तिने त्या दिवशी मूठ फिरवली असती तरी ती फिरली नसती. तिला उघडता येऊ नये म्हणून त्याने बांधून ठेवली होती. आणि ते ठोकणं… नऊ मिनिटं तिला वाटत आलं होतं, तो उघड म्हणतोय. तो नको म्हणत होता.

“मावशी?” कानात कॅप्टनचा आवाज. “सापडले का डबे?”

“शोधतेय,” ती म्हणाली, आणि रेडिओ बंद केला.

शिंपी आपल्या पिशवीत होता. चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, आतून. तोंड सुकलेलं, डोळे मिटलेले. झोपायला गेल्यासारखा. आणि त्याच्या तोंडासमोर, आवाज न करता, पंखा फिरत होता.

त्याने जाताना पंखा लावला होता.

मावशीला रडू आलं. तिथे अश्रू गालावर ओघळत नाहीत. डोळ्यावरच साचतात, फुगत जातात, आणि सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं दिसतं. त्या पाण्यातून ती फिरत्या पात्यांकडे बघत राहिली. हवा नसलेल्या जागी ती कोणाला वारा घालत होती? मग एक गोष्ट तिच्या डोक्यात सावकाश उतरली. त्या पंख्याची बॅटरी चार दिवस चालते. आज सव्विसावा होता.

“मी हात काढला नव्हता रे,” ती टोपाच्या काचेच्या आत कुजबुजली. “पण मूठ फिरवलीही नव्हती. तुला माहीत होतं ना… मी फिरवणार नाही ते?”

पाती फिरत होती.

“मग आता काय हवंय तुला? हवा? आमच्यातली घेतोयस, कळलंय मला.” तिचा श्वास काचेवर धुकं धरत होता, विरत होता. “त्या दोघांची नको घेऊस. त्यांनी दार लावलं नाही. तुला घ्यायचीच असेल, तर… माझ्या वाट्याची घे.”

ती हे का बोलली, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. डोकं ठणकत होतं, डोळे पाण्याने भरले होते. कुणाजवळ तरी माफी मागताना माणूस काहीही देऊन बसतो.

तिने डबे काढले. चार चारच्या तीन खेपा केल्या. शेवटची खेप घेऊन दार ओढताना झोत एकदा सहज त्याच्यावर पडला.

पंखा थांबला होता.

बॅटरी संपली असेल, असं मावशीने स्वतःला सांगितलं, आणि दार लावलं.

*

दुसऱ्या दिवशी तिने डब्यांनी शोषलेली हवाही धरून बेरीज केली. तीन.

तिसऱ्या दिवशी, तीन. पाणी साडेचार लिटर. माळ्याची दाराजवळची रोपं इतरांएवढीच राहिली, आणि माळ्याने त्यांना “बरं झालं, शहाण्या” असं म्हणून थोपटलं. जाळीवर एकही दोरा आला नाही. कॅप्टनची डोकेदुखी थांबली. तो पट्ट्यावर धावता धावता गाणं म्हणू लागला, इतकं बेसूर की माळ्याने कानात बोळे घातले.

“मावशी, तुम्ही वाचवलंत,” कॅप्टन म्हणाला. “यंत्रच बिघडलं होतं बहुतेक. आणि आपण घाबरलो होतो. डोक्यात खराब हवा गेली की माणसाला काय काय दिसतं.”

“तेच असेल,” मावशी म्हणाली. झडपेवरच्या दोऱ्याची गोष्ट तिने सांगितली. पंख्याची नाही.

यान जोडलं जायच्या दिवशी ती घड्याळाच्या सकाळी जागी झाली. इतकी हलकी, इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. डोकं स्वच्छ होतं. घरघर नव्हती, तिला वाटलं, म्हणून झोप लागली असेल.

घरघर नव्हती.

तिने मान वळवली. तिच्या तोंडासमोरचा पंखा बंद होता. वायर सुटली होती. डबे बसवताना हिसका बसला असणार. म्हणजे पाच दिवसांपूर्वी. पाच रात्री ती पंख्याशिवाय झोपली होती, आणि एकदाही घुसमटली नव्हती. एकदाही डोकं दुखलं नव्हतं.

मावशी सावकाश पडद्यापाशी गेली. त्या पाच दिवसांत यान यायच्या गडबडीत तिने रात्रीच्या रेघा पाहिल्या नव्हत्या. यंत्रं आपली काढत होती. कॅप्टनची पहिली: छोट्या लाटा. माळ्याची तिसरी: छोट्या लाटा. मधली तिची.

तिची रेघ सरळ होती. रिकाम्या बिछान्याची असावी तशी, पाचही रात्री, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

यंत्र बिघडलं असेल. तिने हात पुढे केला आणि सव्वीस… नाही, आता एकतीस दिवस झाकून ठेवलेली चौथी रेघ उघडली.

डोंगरांची रांग होती. चढ, उतार, चढ, उतार. पंखा बंद करून गाढ झोपलेल्या माणसाची. तिच्या बघता बघता रेघ पुढे सरकत होती. आणखी एक चढ… आणखी एक उतार.

“मावशी!” प्रयोगशाळेतून कॅप्टनची हाक आली. आवाजात घरी जायचा आनंद होता. “यान दिसतंय! आणि हवेचं काय म्हणताय, आज किती?”

“तीन,” मावशी म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच निघाला. आवाज निघायला श्वास लागतो, असा विचार तिच्या मनात आला. तिने तळहात तोंडासमोर धरला आणि पुन्हा एकदा, हळूच म्हटलं, “तीन.”

तळहाताला काही लागलं नाही.

मग तिने पंख्याची सुटलेली वायर पुन्हा बसवली. पाती घरघरू लागली. तिला त्यांची गरज नव्हती. पण बंद दिसला असता तर कॅप्टन ओरडला असता.